कोळशाची केटल ग्रिल: व्हेज घराने घ्यावी का? (भाज्यांच्या फ्लॅटब्रेडवरून लिहिलेला रिव्ह्यू)

हा रिव्ह्यू बर्गर आणि चिकनवाल्यांसाठी नाहीये, त्यांच्यासाठी नेटवर ढिगाने पडलेत. आम्ही न्यू जर्सीत राहतो, घरात कोणी नॉनव्हेज खात नाही, तरी मागच्या अंगणात २२ इंची कोळशाची केटल ग्रिल आहे, थंडी सरली की ती सारखी पेटलेली असते, आणि त्याचं मुख्य कारण एकच, भाज्यांचा फ्लॅटब्रेड, म्हणजे पिझ्झासारखा चपटा ब्रेड आणि वर भाज्या. आपल्यातले बरेच जण विचारतात की व्हेज माणसाने बार्बेक्यूवर दोनशे डॉलर कशाला घालायचे, कणीस तर शेगडीवरही भाजता येतं. बरोबर आहे, नुसत्या कणसासाठी घेऊच नका. पण ब्रेड भाजायचा असेल तर झाकणवाल्या ग्रिलचे पैसे पुरेपूर वसूल होतात असं माझं ठाम मत आहे, आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण घ्यायच्या आधी मला व्हेज घराच्या नजरेतून लिहिलेलं काहीच सापडलं नव्हतं.

केटल म्हणजे खाली एक गोल खोलगट भांडं, वर तेवढंच घुमटासारखं झाकण, तीन पाय, आत दोन जाळ्या, खालची कोळशाची आणि वरची खाण्याची. डिझाइन जुनं आहे. १९५२ मधे शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा मधोमध कापून पहिली केटल बनवली, कारण तेव्हाच्या उघड्या ग्रिलवर वारा सुटला की आग भडकायची, राख उडायची. आज ज्या त्या कंपनीची केटल त्याच घाटाची असते. माझी मूळ वेबर नाही, दुसऱ्या कंपनीची आहे, सेलमधे घेतलेली, त्यामुळे खाली ज्या तक्रारी येतील त्या माझ्या ग्रिलच्या आहेत, सगळ्या केटलच्या समजू नका.

आता मुद्द्याचं. या सगळ्या वस्तूत खरी किंमत आहे ती झाकणाची. उघड्या जाळीवर ब्रेड टाकला तर खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो, वरच्या भाज्या थंडगार, चीज वितळतच नाही. झाकण लावलं की खालच्या व्हेंटमधून (म्हणजे हवेच्या भोकांतून) हवा आत येते, कोळशावरून तापून वर जाते, झाकणाला आपटून खाली फिरते आणि वरच्या व्हेंटमधून बाहेर पडते, म्हणजे तुमच्याकडे एक चांगला तापलेला ओव्हन तयार होतो, वर कोळशाची थेट धग आहेच. एक बारीक गोष्ट बरेच जण सांगत नाहीत: झाकण ठेवताना वरचा व्हेंट कोळशाच्या उलट बाजूला यायला हवा, तरच गरम हवा ब्रेडवरून ओढली जाते, नाहीतर सरळ कोळशावरून वर निघून जाते आणि ब्रेडवरची भाजी जेमतेम कोमट होते. आणि झाकण लावलं की तेलाचे थेंब पडून होणारा जाळही आपोआप बसतो कारण हवा मोजकीच मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोळसे अर्ध्या भागातच ठेवायचे, अर्धा भाग मोकळा. इथे याला टू-झोन म्हणतात. आपल्याकडे चुलीवरची भाकरी आधी तव्यावर टाकतात आणि मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याकडे तोंड करून उभी करतात ना, तसाच हा दोन टप्प्यांचा हिशोब आहे. फ्लॅटब्रेडची पहिली बाजू कोळशावर, मग उलटून मोकळ्या बाजूला, मग भाज्या आणि झाकण. गोल २२ इंची जाळीवर अर्ध्या भागात एक लांबट ब्रेड आरामात बसतो, म्हणून १८ इंची घेऊ नका, चाळीस-पन्नास डॉलर वाचतील पण मोकळी बाजू इतकी चिंचोळी होते की ब्रेडचं एक टोक कायम कोळशावर लोंबतं.

कोळसा कुठला. ब्रिकेट म्हणजे उशीच्या आकाराचे दाबून केलेले तुकडे, आणि लंप म्हणजे लाकडाचा साधा ओबडधोबड कोळसा. लंप जास्त तापतो आणि लवकर संपतो, ब्रिकेट एकसारखे जळतात. चार-पाच ब्रेड एकामागून एक करायचे असतील तर मी ब्रिकेटच म्हणेन, कारण शेवटच्या ब्रेडलाही तेवढीच धग मिळायला हवी. पेटवायला चिमनी घ्या, म्हणजे तो पत्र्याचा डबा ज्यात वर कोळसे भरून खाली कागद पेटवतात, मोठ्या चिमनीत साधारण शंभर ब्रिकेट मावतात आणि ब्रेडसाठी भरून लागते. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या ब्रिकेटवर राखाडी थर धरला की ओतायचे. लायटर फ्लुइड किंवा आधीच तेल पाजलेले कोळसे अजिबात नकोत. मांसाला तो वास कदाचित झाकता येत असेल, ब्रेडला येत नाही, मैदा वास लगेच ओढून घेतो आणि पहिल्याच घासाला रॉकेल खाल्ल्यासारखं वाटतं. ही चिमनी ग्रिलबरोबर मिळत नाही, वेगळी पंधरा-वीस डॉलरला घ्यावी लागते, ती बजेटमधे धरा.

पिठाचं सांगते कारण ग्रिल कितीही चांगली असली तरी पीठ जमलं नाही तर सगळं फुकट. आमच्याकडे चार ब्रेडसाठी ५०० ग्रॅम मैदा (इथल्या पिशवीवर ब्रेड फ्लोअर लिहिलेलं असतं तो), ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल. मळून दोन तास बाहेर आणि मग रात्रभर फ्रीजमधे. फ्रीजमधली रात्र चुकवू नका, एकतर चव येते आणि दुसरं म्हणजे पीठ ढिलं पडतं, ताणलं की मागे खेचत नाही. पटेल ब्रदर्स या इथल्या भारतीय किराणा दुकानातून आणलेली आपली कणीक घालायची असेल तर ७० टक्के मैदा आणि ३० टक्के कणीक इथपर्यंत ठीक, पण मग पाणी थोडं वाढवावं लागतं कारण कणीक जास्त पाणी पिते. पूर्ण कणकेचा केला तर ती जाड पोळी होते, चांगली लागते, पण तो फ्लॅटब्रेड नव्हे. गोळे करून तासभर आधी बाहेर काढून ठेवायचे, थंड गोळा जाळीवर टाकला की बाहेरून डाग पडतात आणि आत चिकट राहतो. लाटणं चालतं, त्यात कमीपणा काही नाही, पिझ्झावाले नाकं मुरडतात पण जाळीवर टाकायचा ब्रेड सगळीकडे एकसारखा अर्धा सेंटीमीटर जाड असणं जास्त महत्त्वाचं आहे. गोल करायच्या भानगडीत पडू नका, लांबट करा, जाळीवर बसायला आणि कापायला दोन्हीला सोपा.

कोळसे ओतले की दहा मिनिटं झाकण लावून जाळी तापू द्यायची. मग तळहात जाळीपासून वीतभर वर धरायचा, दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला की तयार. ब्रेडच्या एका बाजूला तेल लावायचं (जाळीला नाही, जाळीला लावलेलं तेल नुसतं धूर करतं), तेलाची बाजू खाली करून दोन्ही हातांनी लांबचं टोक आधी टेकवून अलगद आपल्याकडे सोडत आणायचा. आणि आता दहा-पंधरा सेकंद त्याला हात लावायचा नाही. कच्चं पीठ जाळीच्या फटीतून खाली गळेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते पण गळत नाही, जाळी नीट तापलेली असेल तर खालचा पापुद्रा लगेच धरतो. मग वर बुडबुडे यायला लागतात, आधी कडेला बारीक, मग मधे मोठे, पांढऱ्या पिठाचा रंग जरा मंद पिवळट होतो, आणि चिमट्याने कड उचलली की खाली जाळीचे तपकिरी पट्टे आणि पट्ट्यांमधे सोनेरी रंग दिसतो. दीड ते दोन मिनिटं, जास्त नाही. एखादा बुडबुडा फारच मोठा झाला तर चिमट्याच्या टोकाने फोडायचा नाहीतर उलटल्यावर तो काळा होतो. आता वरच्या बाजूला तेल लावायचं आणि उलटून मोकळ्या बाजूला घ्यायचा, भाजलेली बाजू वर आली, तिच्यावर भाज्या आणि चीज, झाकण, तीन-चार मिनिटं. मधे एकदा अर्धा फिरवायचा कारण कोळशाकडची कड लवकर रंग घेते. काढताना वरून थोडं कच्चं तेल आणि मीठ. इतकंच आहे, पण झाकण उघडल्यावर जो वास येतो भाजलेल्या पिठाचा आणि ढोबळी मिरचीचा, तो घरातल्या ओव्हनमधून आजपर्यंत कधी आलेला नाही.

भाज्या आधी भाजायच्या, ब्रेडच्या आधी, आणि हे कुणी कितीही शॉर्टकट सांगितला तरी ऐकू नका. ब्रेड वर फक्त तीन-चार मिनिटं असतो, तेवढ्यात कच्ची झुकिनी शिजत नाही, उलट पाणी सोडते आणि ब्रेड ओला करते. झुकिनी लांबट कापायची, पेन्सिलीएवढी जाड, मीठ लावून वीस मिनिटं ठेवायची, पाणी सुटतं ते पुसून टाकायचं, मग तेल. वांग्याच्या सेंटीमीटरभर जाड चकत्या, याला तेल सढळ हाताने, वांगं कोरडं भाजलं तर चामड्यासारखं होतं. ढोबळी मिरची मात्र कापायची नाही, अख्खी कोळशावर ठेवून सगळीकडून काळी होऊ द्यायची, मग भांड्यात घालून झाकून ठेवायची, दहा मिनिटांत साल हाताने निघतं, आणि मिरची पाण्याखाली धुवायची नाही, सगळी चव नळाला जाते. कांद्याच्या जाड चकत्यांना आडव्या दोन टूथपिक खुपसायच्या म्हणजे उलटताना कड्या सुटत नाहीत. मश्रूम देठाची बाजू वर करून, त्यात पाणी साठतं ते साठू द्यायचं आणि आटू द्यायचं. मे महिन्यात अ‍ॅस्परॅगस चांगला मिळतो, तो जाळीच्या पट्ट्यांना आडवा ठेवायचा नाहीतर एकेक काडी खाली कोळशात जाते.

टोमॅटो भाजायचा नाही. जुलैच्या मध्यापासून इथे जो जर्सी टोमॅटो येतो तो भाजणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. या राज्याला टोमॅटोचा भारी अभिमान आहे आणि तो रास्त आहे, रटगर्स नावाची जुनी जात इथल्या रटगर्स युनिव्हर्सिटीत १९३४ साली तयार झालेली, आणि रस्त्याकडेच्या शेतवाल्याकडून उन्हात पिकलेला टोमॅटो घेतला की दुकानातल्या टोमॅटोला हात लावावासा वाटत नाही. चकत्या करून मीठ लावून चाळणीत निथळत ठेवायच्या आणि ब्रेड ग्रिलवरून उतरवल्यावर वर पसरायच्या, गरम ब्रेड आणि गार टोमॅटो.

खाली काय लावायचं हा माझ्या आवडीचा भाग. पिझ्झा सॉस नको, ओला असतो आणि भाज्यांची चव मारतो. फडक्यात बांधून टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यात ठेचलेला लसूण आणि मीठ, हा एक. दुसरा, हिरव्या मिरचीचा ठेचा, पण त्याच मिरच्या जाळीवर भाजून लसूण-मीठ-शेंगदाण्याबरोबर ठेचायच्या आणि ऑलिव्ह तेलात सैल करून ब्रेडवर अगदी पातळ फासायच्या, वर वांगं आणि फेटा चीज. इथल्या अमेरिकन शेजाऱ्यांना हा सगळ्यात आवडतो, दर वेळी विचारतात आज तो हिरवा आहे का म्हणून. ओलं मोझरेला घेतलंत तर फाडून अर्धा तास टिपकागदावर ठेवा. पनीर किसूनच घालावं, तुकडे वितळत नाहीत, नुसते गरम होतात.

आणि एक गोष्ट व्हेज मराठी घराला फार सोयीची आहे ती म्हणजे ग्रिलचा सीझन आणि आपलं पंचांग. कांदेनवमी येते जूनच्या शेवटी नाहीतर जुलैत, म्हणजे इथे ग्रिलिंग ऐन भरात असतं तेव्हा, त्या दिवशी आमच्याकडे कांदा, वांगं आणि लसूण-चक्का असा फ्लॅटब्रेड असतो. आणि त्यानंतर दोन दिवसांनी आषाढीपासून चातुर्मास पाळणारे लोक घरी जेवायला असले तर कांदा, लसूण, वांगं तिन्ही बंद, तरी काहीही अडत नाही कारण झुकिनी, ढोबळी, कणीस आणि टोमॅटो नेमके तेव्हाच सगळ्यात चांगले येतात. भाजलेल्या कणसाचे दाणे सुरीने काढायचे, ढोबळीच्या पट्ट्या, पनीर, वर लिंबू आणि कोथिंबीर. श्रावणात तर ज्यांच्या घरी एरवी नॉनव्हेज चालतं तेही हाच ब्रेड खायला आमच्याकडे येतात.

शेवटचा ब्रेड उतरला तरी कोळशात अर्धा-पाऊण तासाची धग शिल्लक असते, ती वाया घालवू नका. माझं सासर जळगावचं, तिथल्या भरिताच्या वांग्याला २०१६ मधे जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय, आणि तिकडे भरीत काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचंच खरं मानतात. ते हिरवट पांढरं मोठं वांगं इथे मिळत नाही, पण इथल्या मोठ्या जांभळ्या वांग्याला सुरीने तीन-चार ठिकाणी टोचून कोळशाच्या कडेला ठेवलं आणि झाकण लावून मधून मधून फिरवलं की अर्ध्या तासात आतपर्यंत मऊ होतं आणि धुराचा वास गॅसवर कधीच लागत नाही इतका छान लागतो. सासूबाई उन्हाळ्यात इथे होत्या तेव्हा मी वांग्याचे देठ कापायला घेतलेले बघून म्हणाल्या, "अगं देठ राहू दे की, नाहीतर फिरवशील कशाला धरून?" तेव्हापासून देठासकटच. दुसऱ्या दिवशी डब्याला भरीत आणि उरलेला फ्लॅटब्रेड तव्यावर गरम करून.

आता तक्रारी. झाकणावरचा थर्मामीटर झाकणाच्या टोकाचं तापमान दाखवतो, जाळीचं नाही, आणि टू-झोनमधे तर कोळशाची बाजू आणि मोकळी बाजू यात प्रचंड फरक असतो, त्यामुळे तो आकडा बघून ब्रेड टाकू नका, तळहातच खरा. माझ्या ग्रिलचे पाय भांड्यात नुसते दाबून बसवायचे होते, फरशी जरा असमान असली तर हलतात, ज्यांच्या घरात लहान मुलं पळत असतात त्यांनी पाय स्क्रूने बसणारं मॉडेल घ्यावं, यात पैसे वाचवायला जाऊ नका. राख गोळा करायला खाली एक उघडी पत्र्याची थाळी आहे, वारा आला की तीच राख अंगणभर. थोडे जास्त पैसे देऊन बंद डब्याचा राखसंग्राहक असलेलं मॉडेल मिळतं, ब्रेडसाठी तर तेच घ्या, कारण आपण झाकण सारखं उघडतो आणि टॉपिंगवर राख बसलेली कोणाला आवडेल. बरोबर आलेली वरची जाळी पातळ तारेची आहे, उष्णता धरून ठेवत नाही, पहिल्या ब्रेडला छान पट्टे पडतात आणि दुसऱ्याला फिके. ओतीव लोखंडाची जाळी वेगळी मिळते, ती टाकल्यावर फरक लगेच दिसला, फक्त तिला आपल्या बिडाच्या तव्यासारखं तेल लावून ठेवावं लागतं नाहीतर गंजते. आणि घेतलेल्या दुकानाचा अनुभव वाईट होता, खोक्यात झाकणाच्या हँडलचे स्क्रू नव्हते आणि ते मिळवायला फोनवर फोन करावे लागले, तेव्हा खोकं दुकानातच उघडून पार्ट मोजून घ्या.

जाळी साफ करायला तारांचा ब्रश वापरू नका असं मी अगदी कळकळीने सांगते. तुटलेली तार जाळीला चिकटते, तिथून अन्नात, तिथून पोटात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१२ मधे अशा पेशंट्सवर रिपोर्ट छापला होता, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचे होते ते, काहींचं ऑपरेशन करावं लागलं होतं. ब्रेडमधे तर तार दिसतही नाही. जाळी गरम असताना अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा चिमट्यात धरून घासायचा, किंवा अर्धा कांदा काट्याला खोचून. नॉनव्हेजवाल्या मित्रांना ग्रिल द्यायची असेल तर दुसरी जाळी घेऊन ठेवा, वीस-पंचवीस डॉलरचं काम आहे आणि आपलंही मन स्वच्छ राहतं. पार्कमधल्या पक्क्या बसवलेल्या ग्रिलवर आपल्याला फॉइल अंथरून भाजावं लागतं आणि फॉइलवर भाजलेला ब्रेड हा ब्रेडच नव्हे, धग खालून लागतच नाही.

गॅस ग्रिल चालेल का हे सगळे विचारतात. चालते. सोय विचाराल तर गॅसच जिंकते, दहा मिनिटांत तापते, रोजच्या संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर कोळसा पेटवणं प्रत्येकाला जमेल असं नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पाच मिनिटांत होणाऱ्या ब्रेडला कोळशाच्या धुराची चव फार काही लागत नाही, ती चव भाज्यांना लागते, विशेषतः वांग्याला. पण गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते आणि कोळशाची धग कोरडी असते, त्यामुळे कोळशावरचा ब्रेड बाहेरून जास्त कुरकुरीत होतो आणि आतून मऊ राहतो, शेजाऱ्यांच्या गॅस ग्रिलवर तेच पीठ भाजून बघितलंय, फरक कळतो. पिझ्झा स्टोनही लोक घेतात, मला गरज वाटली नाही. दगड तापायला अर्धा तास जातो, तेवढ्यात निम्मे कोळसे संपतात, आणि मग ओव्हन आणि ग्रिल यात फरक काय राहिला. थेट जाळीवर पीठ टाकणं काही नवीन खूळ नाही, प्रॉव्हिडन्समधलंच अल फोर्नो हे रेस्टॉरंट ग्रिल्ड पिझ्झासाठी ओळखलं जातं, जॉर्ज जर्मन आणि जोहान किलीन या नवराबायकोने १९८० मधे सुरू केलेलं, अमेरिकेत हा प्रकार लोकांना माहीत झाला तो त्यांच्यामुळे. त्यांचाही ब्रेड थेट जाळीवरच.

कोणी घेऊ नये तेही लिहिते. अपार्टमेंट किंवा काँडोत राहत असाल तर आधी नियम बघा, बऱ्याच ठिकाणी लाकडी बाल्कनीत किंवा इमारतीपासून दहा फुटांच्या आत कोळशाची ग्रिल चालतच नाही, एचओए (घरमालकांची सोसायटी) दंड लावते आणि ते बरोबरच आहे. पाऊस आहे म्हणून गॅरेजमधे पेटवायचा विचारसुद्धा नको, दार उघडं असलं तरी नको, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला ना वास ना रंग. राख दुसऱ्या दिवशीपर्यंत गरम राहू शकते, ती प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, झाकणाची लोखंडी बादली ठेवा. अशा जागी राहणाऱ्यांनी बिडाचा जाड तवा आणि घरातला ब्रॉयलर (ओव्हनमधली वरून येणारी धग) वापरावा, तव्यावर एक बाजू आणि मग भाज्या घालून ब्रॉयलरखाली दोन मिनिटं, केटलइतकं नाही पण खूप जवळ जातं.

अंगण असेल आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर जेवण होत असेल तर मात्र घ्या. ग्रिल दोनशे-अडीचशे, चिमनी, लांब चिमटा, ओतीव जाळी आणि बादली धरून तीनशेच्या पुढेमागे जातं. सप्टेंबरमधे लेबर डेची सुट्टी झाली की दुकानं उन्हाळी माल काढायला लागतात, तेव्हा भाव बऱ्यापैकी पडतात, आणि ऑक्टोबरच्या गार हवेत कोळशापाशी उभं राहायला उलट बरंच वाटतं, तेव्हा सीझन गेला म्हणून थांबू नका. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा पॉइंट त्या हलणाऱ्या पायांचा कापलाय.